पुन्हा पुन्हा अटक, मानसिक आजार आणि व्यसन : नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवेच्या टेबलावर हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारी बहुतेक वेळा आई, बायको किंवा बहीण असते आणि प्रश्नाची सुरुवात "तो तसा वाईट नाही हो" अशी असते. उत्तरं महाराष्ट्रातली पोलीस ठाणी, तुरुंग आणि रुग्णालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. गुन्ह्यांची आणि खटल्याची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची (भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहेत; त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुना भारतीय दंड विधानच लागतो. तुमच्या प्रकरणाचे कागद वकिलाने पाहिल्याशिवाय यातल्या कशावरूनही निर्णय घेऊ नका.

१. एकच माणूस वर्षातून चार-पाच वेळा कसा काय पकडला जातो?

बहुतेकांची साखळी एकसारखी असते. गोळ्या सुटतात, झोप उडते, दारू किंवा गांजा वाढतो. मग शेजाऱ्याशी मारामारी किंवा घरातलाच गॅस सिलिंडर विकणं. अटक होते, जामीन होतो. पुढची तारीख लक्षात राहत नाही, न्यायालय वॉरंट काढतं आणि त्या वॉरंटावर पुन्हा अटक. म्हणजे अनेक अटकांमागे नवा गुन्हा नसतोच, चुकलेली तारीख असते.

यातली खरी गोम वेगळीच आहे. पोलिसांच्या लेखी हा माणूस ‘रेकॉर्डवरचा’. दहा वर्षांपूर्वीची मारामारीसुद्धा त्यांना सापडते. रुग्णालयाच्या लेखी मात्र तो दर वेळी नवा: नवा केसपेपर, नवा डॉक्टर, पुन्हा "कधीपासून त्रास आहे?" गुन्ह्यांचा इतिहास साठत जातो, आजाराचा साठत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत फाईलचा उल्लेख येतो तो यामुळे (प्रश्न १८).

२. आधी आजार की आधी व्यसन? डॉक्टर म्हणतात दारू सोडून या, व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं आधी डोक्याचा इलाज करा.

दोन्ही एकत्र असतील तर दोन्हींवर एकाच वेळी उपचार व्हायला हवेत. याला दुहेरी निदान म्हणतात. कानात आवाज येणारा मुलगा ते दाबायला पितो. गांजा ओढणाऱ्याला, विशेषतः लहान वयात सुरुवात केलेल्याला, संशय आणि भास सुरू होऊ शकतात. कुठून सुरू झालं याचा छडा लावत बसण्यात महिने जातात. जिथे मनोविकारतज्ज्ञ आणि व्यसनमुक्तीचा वॉर्ड एकाच छताखाली आहे अशी जागा शोधा. जिल्हा रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी किंवा वैद्यकीय महाविद्यालय ही पहिली पायरी. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत.

आपलाच माणूस उपचारापर्यंत पोचला नाही असं वाटून अपराधी होऊ नका. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाल्याचं आढळलं होतं.

३. मानसिक आजार असला की माणूस हिंसक असतोच ना?

नाही. बहुतेक रुग्ण कुणावर हात उगारत नाहीत. उलट तेच मार खातात, लुबाडले जातात. धोका वाढतो तो उपचार बंद आणि नशा चालू असताना.

४. व्यसनाला कायदा आजार मानतो का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे धरल्या आहेत. त्यामुळे त्या कायद्यातले हक्क अशा माणसालाही मिळतात. पण त्यामुळे गुन्हा माफ होत नाही. ते प्रश्न ११ मध्ये.

५. अटक झाल्याचा फोन आला. पहिल्या काही तासांत काय करायचं?

हातात २४ तास असतात. तेवढ्यात त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. ठाण्यात जाऊन आधी ठाणे अंमलदाराला गुन्हा क्रमांक, कलमं आणि तपासी अंमलदाराचं नाव विचारा. आजाराबद्दल तोंडी सांगून थांबू नका. साध्या कागदावर चार ओळी लिहा: काय आजार आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शेवटची गोळी किंवा शेवटची दारू कधी घेतली. त्याला शेवटच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच मजकूर ठाण्याच्या ईमेलवर पाठवा.

अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हावी असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. यालाच ठाण्यात ‘मेडिकल’ म्हणतात. अनेकदा ते अंगावर जखम आहे का, एवढं विचारून पाच मिनिटांत उरकतं. तुमचा कागद आधीच दिलेला असेल तर डॉक्टरला आजाराबद्दल विचारावं तरी लागतं.

वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दंडाधिकाऱ्यासमोर उभं करताना तुम्ही तिथे हजर राहा आणि वकिलाला ‘आजार आहे’ हे वाक्य उच्चारायला सांगा. पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) यावरचा युक्तिवाद दोन-तीन मिनिटांचा असतो. त्यात जे बोललं गेलं नाही ते ऑर्डरमध्ये येत नाही.

६. लॉकअपमध्ये तो थरथरतोय, अंगावर मुंग्या आहेत म्हणतोय. हवालदार म्हणतात नाटक करतोय. खरंच नाटक असतं का?

नाटक समजून सोडून देण्याचा हा विषयच नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना वेळ-जागेचं भान राहत नाही, किडे-माणसं दिसतात, ताप चढतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. वेळ नीट पाहा: पोलीस कोठडीचे पहिले तीन-चार दिवस आणि हा धोका, दोन्ही नेमके एकाच वेळी येतात.

एकदा एक आई गजाबाहेर उभी होती. आत तिचा मुलगा कोपऱ्यात उकिडवा बसून डाव्या दंडावरून काहीतरी झटकत होता. झटकायचा, जमिनीकडे बघायचा, पाय उचलायचा. जमिनीवर काही नव्हतं. तिने अंमलदाराला एकच गोष्ट विचारली, "साहेब, नाटक करणारा कोणी बघत नसताना करेल का?" त्या रात्री त्याला सरकारी रुग्णालयात हलवलं.

गर्दची (हेरॉइनची) टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, वेगळी असते. जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, जुलाब, हाडं ठणकणं. शेवटच्या डोसनंतर आठ ते चोवीस तासांत सुरू होते, दोन-तीन दिवसांत कळस गाठते. धडधाकट माणसाच्या ती जिवावर सहसा बेतत नाही, पण उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं तर बेतू शकते. झोपेच्या गोळ्यांचं व्यसन असेल, म्हणजे नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम, तर ती एकदम बंद करणं दारूइतकंच धोक्याचं, फिट येते. ‘बटण खातो’ एवढंच सांगू नका, गोळीचं नाव सांगा.

७. त्याच्या नेहमीच्या गोळ्या कोठडीत देता येतात का?

परस्पर देता येत नाहीत. डॉक्टरच्या चिठ्ठीसह तपासी अंमलदाराकडे, तुरुंगात असेल तर तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्याव्या लागतात. अडचण आली तर न्यायालयाकडे अर्ज करा. असे अर्ज सहसा त्याच दिवशी निकाली निघतात.

दोन औषधांबाबत विशेष काळजी घ्या. क्लोझापिन सलग ४८ तासांहून जास्त चुकलं तर जुना डोस थेट पुन्हा सुरू करायचा नसतो. अगदी कमी मात्रेपासून चढवत न्यावा लागतो. कोठडीतून सुटून आल्यावर घरची मंडळी प्रेमाने नेहमीची पूर्ण गोळी देतात, तिथे घात होतो. लिथियम चालू असताना पाणी कमी प्यायलं गेलं, जुलाब झाले तर रक्तातलं प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकतं. ही दोन्ही नावं अर्जात ठळक लिहा.

८. रस्त्यावर भ्रमिष्टासारखा फिरत होता, पोलिसांनी उचलून लॉकअपमध्ये ठेवलं. हे चालतं का?

गुन्हा नसताना मानसिक आजारी वाटणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेणं म्हणजे अटक नव्हे, संरक्षण. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० सांगतं की अशा माणसाला लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं आणि कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. बेघर असेल तर घरच्यांचा शोध घेणं हेही ठाण्याचंच काम.

बेपत्ता माणूस सापडत नसेल तर भिक्षेकरी गृहातही चौकशी करा. भीक मागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९५९ च्या कायद्याखाली उचलल्या गेलेल्यांत आजारी माणसं असतात आणि घरचे मात्र त्यांना रुग्णालयांत शोधत राहतात.

९. आम्हीच तक्रार करून त्याला आत टाकला तर व्यसन सुटेल ना?

हा प्रश्न विचारताना आया खाली बघतात. त्यांना दोष देणार नाही. मार खाऊन थकलेल्या घराला दोन महिन्यांची झोप हवी असते. मारहाण होत असेल तर तक्रार जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. उपचार म्हणून मात्र तुरुंगाचा उपयोग नाही. नशा थांबते, ओढ थांबत नाही. तुरुंगात नवीन ओळखी होतात, त्यातल्या काही बाहेर आल्यावर घरापर्यंत येतात.

तक्रार केलीच असेल तर ती रागाच्या भरात फुगवू नका. चाकू नव्हता तर चाकू लिहू नका. आठवड्याने राग शांत होतो, जामिनासाठी तुम्हीच धावाधाव करता, पण कलम तसंच राहतं. आणि जबाबात आजाराचा उल्लेख करायला विसरू नका. फिर्यादीनेच सांगितलेला आजार न्यायालयात वजनदार ठरतो.

तो घरी परत आला की प्रश्न १३ आधी वाचा.

१०. व्यसनमुक्ती केंद्राची गाडी येऊन झोपेतून उचलून नेते. पोलिसांपेक्षा ते बरं नाही का?

हे बेकायदा आहे आणि धोक्याचंही. व्यसनावर निवासी उपचार करणारं केंद्र हे मानसिक आरोग्य आस्थापना ठरतं, त्याला नोंदणी लागते. साखळीने बांधणं कायद्याने पूर्ण बंद आहे. इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा रस्ता २०१७ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (उपचाराच्या बाबतीत रुग्णाच्या वतीने बोलणारा माणूस, प्रश्न १८) अर्ज, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांची स्वतंत्र तपासणी, आणि स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता. मुदत ३० दिवसांपर्यंत. तातडीची वेळ असेल तर कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचा आपत्कालीन उपचार देऊ शकतो.

इथेच आणखी एक: चहात गुपचूप दारू सोडवायची गोळी टाकू नका. ती डायसल्फिराम असेल आणि त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

११. वेडाच्या भरात किंवा नशेत केलं म्हणून सुटका होते का?

दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. न्याय संहितेच्या कलम २२ प्रमाणे (जुनं कलम ८४) कृत्याच्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चुकीचं, बेकायदा आहे हे समजण्याची कुवतच नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. आजाराचं निदान असणं पुरेसं नाही. त्या क्षणाची मनःस्थिती दाखवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सांगितलं की आरोपीला हे ‘शक्यता जास्त’ इतपतच दाखवायचं असतं, संशयापलीकडे नव्हे. घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यांचे केसपेपर इथे कामाला येतात. शिवाय या कारणाने निर्दोष ठरला तरी थेट घरी सोडतीलच असं नाही; सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमीवर नातेवाइकांकडे सोपवण्याचा आदेश होतो.

स्वतःहून केलेल्या नशेला मात्र माफी नाही. नकळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल तरच कलम २३ चा आधार.

१२. गांजा किंवा गर्द सापडला. उपचार घेतले तर खटला थांबतो का?

प्रमाण अल्प असेल किंवा फक्त सेवनाचा आरोप असेल तर दार उघडं आहे. अल्प म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम. एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ६४अ नुसार स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेणाऱ्यावर त्या आरोपासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण काढून घेता येतं. दोषी ठरल्यानंतरही कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी त्याच्या संमतीने उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं.

केंद्र मान्यताप्राप्त आहे का ते आधी तपासा. गल्लीतल्या बिननोंदणीच्या केंद्राचं प्रमाणपत्र इथे चालत नाही. विक्रीचा आरोप असेल आणि माल व्यावसायिक प्रमाणात (गांजा २० किलो, हेरॉइन २५० ग्रॅम) असेल तर हे काहीही लागू नाही, जामीनही अवघड.

१३. सुटून घरी आलाय. आता कशाची भीती?

पहिल्या दोन आठवड्यांची. आत असताना नशेची सहनशक्ती उतरते. बाहेर येऊन जुन्या मापाने गर्द घेतला की श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या कैद्यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळपास तेरा पट निघाला आणि त्यात अतिनशेचे मृत्यू सर्वांत पुढे होते. ओठ निळे, घोरल्यासारखा श्वास, हलवूनही जाग नाही असं दिसलं तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. ‘उतरेल झोपल्यावर’ म्हणून वाट पाहू नका.

सुटकेची तारीख कळली की त्याच आठवड्याची ओपीडी ठरवा. घरच्या पार्टीपेक्षा ते महत्त्वाचं. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६.

१४. खटला चालू आहे, पण त्याला न्यायाधीश काय विचारतात तेच कळत नाही.

वकिलाने तसा अर्ज द्यावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ आणि ३६८ प्रमाणे न्यायालय तपासणी करवून घेतं आणि तो बचाव करण्याच्या स्थितीत नसेल तर खटला पुढे ढकलतं. मग कलम ३६९: दाखल करण्याची गरज नसेल आणि नातेवाईक किंवा मित्राने नियमित बाह्योपचार घ्यायला लावण्याची व इजा टाळण्याची हमी दिली, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामिनावर सोडता येतं. हे कलम फार कमी वापरलं जातं. हमी देणाऱ्याने मात्र खरंच दर महिन्याला ओपीडीत न्यायला हवं.

१५. साधी चोरी आहे, गुन्हा कबूल करून टाक, लगेच सुटशील असं सगळे म्हणतात. करावं का?

वकिलाशी बोलल्याशिवाय नाही. पाच हजारांखालच्या चोरीत, पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने माल किंवा किंमत परत केली तर सामुदायिक सेवेची शिक्षा होते. पण चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरलं की न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे किमान एक वर्ष सक्तमजुरी, कमाल पाच. आज दुपारी घरी येण्यासाठी दिलेली कबुली पुढच्या खटल्यात असं व्याज लावून परत येते.

१६. निम्मी शिक्षा आतच भोगून झाली तर कच्च्या कैद्याला सोडतात ना?

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तसं सांगतं, पहिल्यांदाच गुन्हा असेल तर एक तृतीयांशावरच. पण त्याच कलमातली अट आपल्या लोकांना आडवी येते: एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर या तरतुदीखाली सुटका नाही. म्हणून जुनी फुटकळ प्रकरणं निकाली काढणं हाच उपाय. वकिलाकडे सगळ्या प्रलंबित प्रकरणांची यादी मागा. अनेकांना स्वतःवर किती केसेस आहेत हेच ठाऊक नसतं.

१७. आता चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई) आणि तडीपारीची नोटीस आलीये. आजारी माणसाला तडीपार करतात?

करू शकतात, आजार ही आपोआप मिळणारी सूट नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली तडीपारी दोन वर्षांपर्यंत असते. नोटिशीला उत्तर द्यायची संधी मिळते आणि बहुतेक जण ती रिकामी जाऊ देतात. उत्तरात लिहा की उपचार याच जिल्ह्यात चालू आहेत, हद्दपारीने ते तुटतील आणि सांभाळणारं दुसरं कोणी नाही; कागद जोडा. तरी आदेश झालाच तर अपील करता येतं, आणि ओपीडीच्या दिवसापुरती येण्याची परवानगी मागता येते. परवानगीशिवाय ‘फक्त दवाखान्यात’ आला तरी नवा गुन्हा नोंदतो. एमपीडीए (धोकादायक ठरवलेल्यांना खटल्याशिवाय डांबण्याचा राज्याचा कायदा) खालची स्थानबद्धता याहून कडक, १२ महिन्यांपर्यंत. तिला उच्च न्यायालयातच आव्हान द्या.

आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून गुन्हा दाखल होईल का, असंही विचारतात. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतात आणि खटला चालवत नाहीत. रुग्णालयात न्यायला घाबरू नका.

१८. फाईलमध्ये काय ठेवायचं? आणि तो चिडून फाईल फाडतो, म्हणतो मला वेडा ठरवताय.

सगळे केसपेपर तारखेच्या क्रमाने, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची एक चिठ्ठी, अपंगत्व प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, प्रत्येक केसचा क्रमांक आणि पुढची तारीख. ओपीडीतून निघताना चिठ्ठीचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. मूळ फाईल त्याच्या हाताला लागेल अशी नको. फाटलीच तर रुग्णालयाकडून नोंदी मागता येतात. तो रुग्णाचा हक्क आहे.

त्याचा राग मात्र बिनबुडाचा नाही. आजाराची माहिती त्याची आहे, गल्लीत सांगायची नाही. पोलिसांना, डॉक्टरला, वकिलाला लागेल तेवढीच द्यायची. तो बरा असताना, एखाद्या शांत दुपारी, हे त्याच्याशी ठरवून घ्या. कायदा त्याला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर नेमू देतो आणि आजारात कुठला उपचार हवा, कुठला नको, हेही आधी लिहून ठेवू देतो. आमच्याकडे येणाऱ्या एकाने प्रतिनिधी म्हणून आईला सोडून धाकट्या बहिणीचं नाव घातलं. आई रुसली. पुढच्या वेळी ठाण्यातून फोन आला तेव्हा बहीण वीस मिनिटांत फाईल घेऊन पोचली होती.